दिवसा झोपणाऱ्यांची मोजणी

सोमवार, ४ मार्च

ही वही हिच्या हुकमावरून सुरू केली आहे. हिची इस्पितळात रात्रपाळी. मी ऑफिसातून येतो तेव्हा ही निघायच्या गडबडीत असते, आणि सकाळी ही दमून येते तेव्हा मी बूट घालत असतो. मधल्या पाच मिनिटांत मी तिला ऑफिसचं सगळं ऐकवायला बघतो. आज म्हणाली, "अहो, ते पुराण वहीत लिहा. रविवारी मला गाळून सांगा."

तर पुराण. आज माझी बदली झाली. अकरा वर्षं नगरपालिकेच्या निविदा शाखेत काढली. रस्ते, दिवे, साफसफाई, पहारा, कोणतंही काम कंत्राटाने द्यायचं असलं की त्याच्या अटी मी लिहिणार, हे ठरलेलं. आता बेघर निवारा कक्ष. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि मॅडम. मॅडम पूर्वी इस्पितळाच्या प्रशासनात होत्या. मला त्यांनी स्वतःहून मागून घेतलं म्हणे. कामाचं चीज होतं कधीकधी.

जुनी टपाल कचेरी निवाऱ्यासाठी मिळाली आहे. ती चालवायला संस्था नेमायची, त्यासाठी निविदा काढायची. ती तीस तारखेच्या आत निघाली नाही तर इमारत पाडून तिथे वाहनतळ होणार, असं मुख्याधिकाऱ्यांनी लेखीच कळवलं आहे. मी म्हटलं, "मॅडम, चार दिवसांत मसुदा देतो."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कोणासाठी?"

"बेघरांसाठी."

"म्हणजे कोण?"

मी मोजणीचा कागद पुढे केला. गेल्या महिन्यात एका रात्री अकरा ते दोन, कर्मचाऱ्यांच्या सहा तुकड्या, अख्खं शहर पिंजून काढलं होतं. त्र्याऐंशी माणसं. वय, लिंग, जागा, सगळं रकान्यात. मॅडमनी कागद वाचला, परत दिला, आणि पेन्सिलीला टोक करत बसल्या. हे काम चार दिवसांचं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवार, ७ मार्च

बोलल्याप्रमाणे मसुदा दिला. बेचाळीस पानं, एक खाडाखोड नाही. मॅडम पहिल्या आठ अटी वाचून गेल्या आणि नवव्या अटीवर पेन्सिल टेकवून बसल्या. 'निवारा सायंकाळी सात ते सकाळी सात खुला राहील. त्यानंतर इमारत रिकामी करून घ्यावी.'

"सातला बाहेर का काढायचं?"

"साफसफाईला. सगळ्या जुन्या मसुद्यांत असंच आहे. आणि रात्र-निवाराच आहे ना मॅडम, माणसं रात्रीच झोपतात."

"तुमच्या घरी सगळे रात्रीच झोपतात?"

मी म्हटलं, आमच्या घरची गोष्ट वेगळी आहे, ड्यूटीचा प्रश्न आहे. मग त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं: दाराची बेल काढून ठेवली आहे, कुकर मी सकाळी सहाला लावून मोकळा होतो, लेक घरात कुजबुजत बोलते. इतकी सवय झाली आहे की शाळेतही कुजबुजते. बाईंनी तक्रार केली, हिचं उत्तर बरोबर असतं पण ऐकू येत नाही. मॅडम खूप हसल्या. मग अट नऊभोवती पेन्सिलीने गोल केला आणि उठल्या. घरगुती गप्पांत वेळ घालवायची या बाईंना फार आवड आहे.

शनिवार, ९ मार्च

मॅडमबद्दल चांगलं लिहिण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही, म्हणून ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याबद्दल लिहितो. आमच्या इमारतीचे रात्रीचे पहारेकरी. सगळे त्यांना मामा म्हणतात. वय साठीला टेकलेलं. ड्यूटी सकाळी सातला संपते, पण मी नऊला येतो तेव्हा मामा अजून तिथेच असतात. दाढी घोटलेली, केस ओले करून चापून बसवलेले, सदऱ्याला इस्त्री नसली तरी घडी मोडलेली नाही. जिना चढणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देतात, कुठला अर्ज कुठल्या खिडकीत ते सांगतात. पगार नाही त्याचा. म्हटलं, "मामा, घरी जा की आता." तर म्हणतात, "जायचंच आहे साहेब, घाई कसली."

वाचनाचं वेडही केवढं! नगरपालिकेच्या वाचनालयात दहा ते चार शेवटच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसतात. गुरुवारी वाचनालय बंद. त्या दिवशी शहराला वळसा घालणाऱ्या बसचा पास काढून दिवसभर फिरतात. या वयात एवढी हौस पाहिली की आपली लाज वाटते.

पहाऱ्याचं कंत्राटही तीन वर्षांपूर्वी मीच नव्याने लिहिलं. आधी पहारेकऱ्याला रेकॉर्डमागची एक खोली राहायला दिलेली असायची. मी ती अट काढली आणि खोली फायलींना दिली. मुख्याधिकाऱ्यांचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, जागेच्या योग्य वापराबद्दल. त्या खोलीत आज माझ्या फायली कोरड्या आणि सुखरूप आहेत.

मंगळवार, १२ मार्च

पायांचे तुकडे पडले आहेत. मॅडमनी सकाळी अकराला मला उन्हात काढलं. म्हणाल्या, "मोजणी करू या." म्हटलं, झाली आहे. म्हणाल्या, "रात्री आडवी असलेली माणसं मोजलीत. रात्री उभी असलेली राहिली."

मला राग आला होता, तो इथे नोंदवतो. अठरा दिवस उरलेत आणि बाई फिरायला निघाल्यात.

भाजीच्या घाऊक बाजारात गेलो. तिथे हातगाड्यांच्या सावलीत अकरा हमाल झोपलेले. त्यांचं काम रात्री दहा ते पहाटे. मॅडम उकिडव्या बसून एकेकाच्या जागं व्हायची वाट बघत होत्या, कुणाला हलवलं नाही. तेवढा वेळ मी उभा. मग बसस्थानक, मग इस्पितळाचा बाह्यरुग्ण विभाग. तिथे बाकावर एक बाई बसल्या बसल्या झोपलेली, हातात केसपेपर. मी म्हटलं, ही तर पेशंट आहे. मॅडमनी तारीख दाखवली. केसपेपर दोन वर्षांपूर्वीचा होता. ती रात्री बाजारात भाजी निवडते. केसपेपर हातात असला की बाकावरून कुणी उठवत नाही. जागी झाल्यावर म्हणाली, "कुठलाही नंबर पुकारला की मी मान वर करते. लोकांना वाटतं, वाट बघतेय."

संध्याकाळपर्यंत सव्वीस झाले. माझ्या फेब्रुवारीच्या यादीत यांतला एकही नाही. निविदेला जोडायची म्हणून ती यादी शाखेत असतानाच मी तपासून 'बरोबर' म्हणून सही केली होती.

बुधवार, १३ मार्च

मॅडम म्हणाल्या, वाचनालय राहिलं. दुपारी एकला गेलो. शेवटच्या खुर्चीत मामा. वर्तमानपत्र समोर उभं, कोपर टेबलावर, कपाळ मुठीवर. मी हाक मारायला पुढे झालो तर मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझा सदरा धरून मागे ओढलं. मामांचा श्वास संथ चालला होता. मला वाटलं, वाचता वाचता डोळा लागला असेल.

बाहेर पायरीवर मॅडम म्हणाल्या, "लिहा. सत्तावीस."

"मामा? मॅडम, मामांना घर आहे."

"कुठे?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं रोज सकाळी ज्या माणसाशी बोलतो तो कुठे राहतो, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सहाला मामा ड्यूटीवर आले तेव्हा मी थांबलो होतो. सरळ विचारलं. ते आधी हसले, मग टेबलावरची किल्ली उगाच इकडची तिकडे ठेवली.

"होती की खोली, रेकॉर्डच्या मागं. नऊ वर्षं राहिलो. बायको त्याच खोलीत गेली."

"ती खोली कुणी काढली, माहीत आहे?"

"माहिती आहे साहेब. नोटिशीवर तुमचीच सही होती. पंधरा दिवसांची मुदत दिलीत. दुसऱ्यानं तेवढीही दिली नसती."

त्यांनी हे उपकार मानल्यासारखं म्हटलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"मग तेव्हापासून?"

"या पगारात भाड्याची खोली काही बसली नाही. पण रात्रीची ड्यूटी आहे ना, रात्रीचा प्रश्नच येत नाही. दिवस काय, निघून जातो."

मी घरी आलो. ही निघायच्या गडबडीत होती. पाच मिनिटं होती, ती मी तिचा डबा भरण्यात घालवली.

रविवार, १७ मार्च

आज हिला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. खोलीचंही. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली.

"अहो, मी दिवसा चारच तास झोपले तर रात्री इंजेक्शनला हात लावायची मला भीती वाटते. ते तीन वर्षं खुर्चीत झोपतायत?"

मी मान हलवली.

"आणि प्रशस्तिपत्र आपल्या बैठकीत लावलंय."

ती उठली नाही, ओरडली नाही. वही मागवली आणि दिवसा झोपणाऱ्या माणसाला काय लागतं ते सांगत गेली. मी लिहीत गेलो. रात्रीच्या आणि दिवसाच्या माणसांच्या खोल्या वेगळ्या. एकच पलंग दोघांना पाळीपाळीने देऊ नये, दुसऱ्याच्या उबेत कुणाला झोप लागत नाही. दारं आपटता कामा नयेत. यांची सकाळ दुपारी साडेचारला होते, म्हणून चहा तेव्हा द्यावा आणि जेवण कामावर जायच्या आधी. मधेच लेकीने कुजबुजून विचारलं, "तिथे बेल आहे का?" तेही लिहिलं.

एकवीस अटी झाल्या. अकरा वर्षांत मी इतक्या नेमक्या अटी लिहिल्या नाहीत, आणि यातली एकही माझी नाही.

सोमवार, १८ मार्च

मॅडमनी अटी वाचल्या. पेन्सिल उचललीच नाही. फक्त म्हणाल्या, "चोवीस तास म्हणजे मंजुरी नव्याने घ्यावी लागेल. समितीची सभा शुक्रवारी. बाजू तुम्ही मांडायची."

मी म्हटलं, मी कारकून माणूस, सभेत मागे फायली घेऊन उभा राहतो. म्हणाल्या, "या वेळी पुढे उभे राहा." शुक्रवारी नाही जमलं तर आठवड्याने वाहनतळाची आखणी सुरू, आणि मामा त्याच खुर्चीत.

शुक्रवार, २२ मार्च

सभा. सभापती म्हणाले, रात्र-निवारा सगळीकडे रात्रीच असतो, तुम्हीच शहाणे का? एक सदस्य म्हणाले, दिवसा झोपणारे म्हणजे आळशी, त्यांना कसली गादी देता. हशा झाला. मी हातातला कागद टेबलावर ठेवला.

मग मी म्हटलं, "साहेब, काल रात्री या इमारतीत तुमच्या दालनाला कुलूप लावून कुणी पहारा दिला, ते दिवसा झोपतात. आज सकाळी तुम्ही जी भाजी खाल्लीत ती रात्री कुणी उतरवली, ते दिवसा झोपतात. माझी बायको दिवसा झोपते. ती आळशी आहे असं तुम्ही तिच्यासमोर म्हणून दाखवा, मी बाजूला उभा राहतो."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी माझ्या बाजूने.

सभापतींनी विचारलं, हे सत्तावीस लोक मोजणीत का नव्हते? इथे मॅडम उत्तर देऊ शकल्या असत्या. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

मी म्हटलं, "मोजणी मी तपासली. चूक माझी आहे. आणि पहारेकऱ्याला खोली द्यायची अट कंत्राटातून काढली तीही मीच. एका माणसाला मी बेघर केलं आणि मग बेघरांच्या यादीत घ्यायलाही विसरलो. हे इतिवृत्तात लिहून घ्यावं."

इतिवृत्त लिहिणारा माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मीच त्याला परत हळू सांगितलं. ठराव मंजूर झाला. दोघे विरोधात.

जिन्यावर मॅडमना विचारलं, "तुम्हाला खोलीचं आधीपासून माहीत होतं?"

"मला एवढंच माहीत होतं की तुमचे मसुदे चांगले असतात."

मोठ्या मनाची बाई आहे. माझ्या मसुद्यांवर सुरुवातीपासून त्यांचा विश्वास होता, हे ऐकून मला आज बरं वाटलं.

सोमवार, ८ एप्रिल

निविदा २९ मार्चला निघाली. एक दिवस हातात राखून.

आज इच्छुक संस्थांची बैठक होती. बाकी शाखांत ती टेबलाभोवती होते. मॅडमनी ती जुन्या टपाल कचेरीत, भर दुपारी बाराला ठेवली आणि आलेल्या चौघांना बूट काढून पलंगांवर आडवं व्हायला सांगितलं. पंधरा मिनिटं, डोळे मिटून. एक सूटवाले गृहस्थ म्हणाले, हा काय पोरखेळ. मॅडम म्हणाल्या, "अटी वाचून समजत नाहीत, झोपून समजतात." मग मीही झोपलो. बाहेर रिक्षांचे हॉर्न, समोरच्या दुकानाचं शटर, नळाचं टपटपणं, आणि एका दाराचा कडी लागताना होणारा असा आवाज की काळीज हललं. उठल्यावर सूटवाल्यांनी सादरीकरण सुरू केलं. एका छोट्या संस्थेची बाई मात्र दाराजवळ जाऊन कडी चाचपत होती. "हिला रबर बसवलं तर चालेल का?" तिने विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत लिहून घेतलं.

एवढी वर्षं मी कंत्राटं लिहिली, पण जिथे काम होणार त्या जागी कधी आडवा झालो नव्हतो.

शुक्रवार, २४ मे

रबरवाल्या बाईंच्या संस्थेला काम मिळालं. गुण तीन जणांनी स्वतंत्र दिले, तिघांचाही पहिला क्रमांक तोच. मी मुद्दाम दोनदा बेरीज तपासली. या वेळी सही करताना घाई नव्हती.

सोमवार, १ जुलै

आज उद्घाटन. निवारा चार दिवस आधीच सुरू झाला होता, मॅडमनी समारंभासाठी थांबायला नकार दिला. नगराध्यक्षांनी वेळ दिली दुपारी बाराची. मंडप, ध्वनिक्षेपक आणि बँडवाले दहालाच हजर.

मी अंगणात अट चौदा घेऊन उभा होतो. 'सकाळी नऊ ते दुपारी साडेचार इमारतीत व आवारात शांतता राखावी. ही अट सर्वांना लागू राहील.' बँडवाल्यांना समोरच्या गल्लीत नेऊन चहा पाजला. ध्वनिक्षेपकाची वायर मी स्वतः काढली. तेवढ्यात नगराध्यक्षांची गाडी आली.

"हा काय प्रकार? माइक कुठे आहे?"

"आत एकवीस जण झोपलेत साहेब," मी कुजबुजलो. "सर्वांना लागू आहे. खाली तुमची सही आहे."

ते लाल झाले. आता बदली होणार असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी कागद घेतला, स्वतःची सही बघितली, खिडकीतून आत बघितलं. काय दिसलं असेल ते मला माहीत आहे: पलंगांची रांग, उशाशी नीट ठेवलेल्या चपला, आणि भिंतीकडे तोंड करून, पाय लांब पसरून झोपलेले मामा. तीन वर्षांनी पाय लांब पसरून.

नगराध्यक्ष वळले. पायांतले बूट काढून हातात घेतले आणि माझ्यापेक्षाही हळू आवाजात म्हणाले, "फीत कुठे आहे?"

पंचवीस माणसं अनवाणी अंगणात. भाषण दोन मिनिटांत संपलं, कुजबुजून किती बोलणार. लेकीला आणलं असतं तर सूत्रसंचालन तिनेच केलं असतं. टाळ्या वाजवायच्या नव्हत्या म्हणून लोकांनी हात वर करून हलवले. मॅडम सगळ्यांच्या मागे, फाटकाला टेकून. रडत होत्या. मी तिकडे पाहिलं नाही असं दाखवलं.

शुक्रवार, ५ जुलै

पावणेपाचला मामा आमच्या जिन्याखालच्या खोलीत आले. चेहरा भरलेला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली. पण कपाळाला आठी. मी घाबरलो.

"काय झालं मामा? कुणी उठवलं?"

"तक्रार कुठं द्यायची साहेब?"

आमच्या इमारतीत एवढी वर्षं काढून मामांनी पंख्याबद्दल, पगाराबद्दल, माझ्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मी अर्ज पुढे केला. ते उभ्या उभ्याच बोलले.

"पडदे पातळ लावलेत. दारात अटी टांगल्यात त्या मी वाचल्या. अट सोळा. 'जाड, दुहेरी' असं लिहिलंय. लावलेत एकेरी. दोन वाजले की ऊन डोळ्यावर येतं."

मला हसू आलं. म्हटलं, "मामा, वाचनालयात तर तीन वर्षं ट्यूबलाइटखाली झोपत होतात."

"तिथं मी चोरून झोपत होतो साहेब," मामा म्हणाले. "इथं अट आहे."

खुर्ची ओढून बसले आणि सुवाच्य अक्षरात अर्ज भरला. अट क्रमांकाखाली दोनदा रेघ मारली. मग शिक्का मारून मी दिलेली पोच नीट वाचून बघितली, तारीख चुकली आहे म्हणाले. खरंच चुकली होती. दुरुस्त करून दिली. ती खिशात घालून ते ड्यूटीवर गेले.

मी तिथेच बसून राहिलो. मी लिहिलेल्या अटीवर इतक्या हक्काने कुणी बोट ठेवलं नव्हतं. डोळे भरून आले, समोरचं दिसेना. थोड्या वेळाने चष्मा पुसला आणि संस्थेला सात दिवसांत पडदे बदलायची नोटीस लिहायला घेतली.